वन्सं आणि त्यांची पाच चाकं

वस्तू वेळच्या वेळी फिरवल्या तर जगातली निम्मी भांडणं होणारच नाहीत, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि ती माझी थोरली नणंद आहे. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या, परभणीतच आमच्यापासून वेगळ्या, एकट्या राहणाऱ्या आणि जुनी छोटी गाडी स्वतः चालवणाऱ्या या वन्संसमोर लग्नानंतरची पहिली पाच वर्षं मी चळचळा कापत असे. आता नाही. आता त्यांच्या गाडीचं कुठलं चाक कुठे जातं, हे मला आरतीसारखं पाठ आहे.

चाकं दर आठ हजार किलोमीटरला फिरवायची, हा वन्संचा नेम. एकादशी एखादी चुकेल, हा नेम चुकायचा नाही. पुढची सरळ मागे जातात, मागची तिरपी पुढे येतात, आणि दर खेपेला एक चाक विश्रांतीला काढून डिकीतली स्टेपनी त्याच्या जागी लावायची, कारण "पडून पडून रबर मरतंय, तिलाबी जमिनीला पाय लावू द्या." दुकानात घोळ नको म्हणून त्या घरूनच टायरांवर खडूनं 'पु. डा.', 'मा. उ.' असं लिहून नेतात. एकदा आठ हजारांना शंभरेक किलोमीटर कमी पडत होते, तर मला गाडीत घालून सोनपेठच्या बाजाराला घेऊन गेल्या. आम्ही पावशेर हिरव्या मिरच्या घेतल्या आणि परत आलो. टायरवाला तर त्यांना पुरता कावलेला. "मॅडम," तो एकदा म्हणाला, "तुमी टायर फिरवायलाव का टायर तुमाला फिरवायलेत?" वन्संनी त्याला खाली बसवून पुढच्या टायरच्या खाचेत आगकाडी घातली, मग मागच्या टायरच्या. मागच्या खाचेत काडी जास्त बुडाली. "बघ. ओढायचं पुढच्यांनी, वळायचं पुढच्यांनी, ब्रेक लावला की दणका बी पुढच्यांनाच. मागचे नुसते मागं मागं येतेत. मग आधी कोण झिजणार?" आमच्या ह्यांनी एकदा भीत भीत विचारलं, की ताई, एवढं करून सगळे टायर शेवटी एकदमच बदलावे लागले, मग फायदा काय? तेव्हा त्या म्हणाल्या, "एकदम म्हातारे झाले, हाच फायदा. एकाचं वाटोळं करून बाकीचे गुटगुटीत ठेवायचे, ह्यात कुठला इन्साफ हाय?"

घरातही तेच. गादीची उशाकडची बाजू पायथ्याला, मांडणीतल्या खालच्या ताटल्या वर. पाहुण्यांना वाटतं, म्हातारीला करमत नाही. आणि कुणाच्याही घरी गेल्या की उंबऱ्याबाहेरच्या चपला उलट्या करून टाचा बघणार. "माणूस तोंडानं खोटं बोलतंय, टाच न्हाई बोलत," हे त्यांचं म्हणणं. या सवयीची मला भयंकर लाज वाटायची.

मग आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या आमच्या घरी अंथरुणाला खिळल्या. मानवतचे आणि पालमचे दीर सणावाराला येत, आईच्या उशाशी बसत आणि जाताना म्हणत, "तुमी हाव म्हणून आमाला घोर न्हाई." कौतुक गोड लागतं. मी दोन वर्षं ते गिळत राहिले. कंबर गेली त्याचं एवढं नाही, पण माझी जीभ जायला लागली होती. एका दुपारी वरण सांडलं म्हणून मी आत्याबाईंवर अशी ओरडले, की त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. माझ्यावर लेकीसारखी माया केलेली ती बाई मला नकोशी व्हायला लागली होती, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे जमले. जेवणं झाली, विडे झाले, आणि वन्सं बाहेरून माझी डावी चप्पल हातात घेऊन बैठकीत आल्या. पालमचे दीर पटकन मागे सरकले. वन्संनी टीपॉयवर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर चप्पल उलटी ठेवली. "एका अंगानं पार खाल्लीय. आईला उचलताना ही सगळा भार डाव्या पायावर घेती, दोन साल झाले. आता तुमच्या आणू का बघायला?"

मानवतचे दीर हळूच म्हणाले, "मग आईला आमच्याकडं न्यावं म्हणतीस का?"

"आई हितंच राहणार. गाडी कुणी उचलून फिरवतंय का? चाकं फिरवायची. आन् नुसत्या सुना न्हाई, लेकं बी."

स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी खडूनं लिहिलं: दहा दिवस मानवत, दहा दिवस पालम, दहा दिवस आम्ही. खाली, 'रविवार – स्टेपनी'. ज्यांची पाळी ते दीर-जाऊ आमच्याकडे येऊन राहत, आणि रविवारी वन्सं स्वतः येत आणि आत्याबाईंना न्हाऊ घालत. मानवतच्या दिरांना साठीच्या उंबरठ्यावर आईची वेणी घालता यायला लागली. माझ्या मोकळ्या दिवसांत वन्संनी मला गाडी शिकवली, शिव्या देत. आणि पाळी आली, की मी आत्याबाईंजवळ आपखुशीनं बसायला लागले. एकदा केसांना तेल लावताना त्या म्हणाल्या, "तुजा हात पुन्हा मऊ झालाय गं." त्यानंतर दीड वर्षानं त्या गेल्या, तेव्हा मला रडता आलं. वन्सं नसत्या तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, आणि ते मी जन्मभर वागवलं असतं. हे उपकार फिटणारे नाहीत.

आता वन्संचे गुडघे गेलेत, गाडी चालवायची मनाई आहे. टायर एकाच जागी बसू नयेत म्हणून दर रविवारी मी गाडी गल्लीतून फिरवून आणते. गेल्या रविवारी निघताना त्यांनी सवयीनं माझ्या चपला उलट्या केल्या. "दोन्ही सारख्या झिजायल्यात," म्हणाल्या, आणि समाधानानं खाली ठेवल्या. शेजारी त्यांच्या होत्या, दिवाळीत घेतलेल्या. मी त्या उलट्या करून पाहिल्या. टाचेवरची नक्षी जशीच्या तशी होती.

मी चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या.

"चला वन्सं."

"कुठं गं?"

"सोनपेठला. शंभर किलोमीटर कमी पडायलेत."

त्यांनी मला नीट न्याहाळलं, मग आत गेल्या आणि मिरच्यांसाठी पिशवी घेऊन आल्या.