साडेनऊ हजार

डॉक्टरांनी माझ्या टेबलावरचे चिंचोके हातानं फरशीवर लोटले. "भातुकली मांडलीस का इथं? उचल." दारात रोगी, त्यांची माणसं, सिस्टर. मी गुडघ्यावर बसून एकेक चिंचोका वेचला. कुणी हललं नाही.

बीडच्या त्या खासगी दवाखान्यात मी रक्त तपासायची. मोजायला यंत्र नव्हतं. एकूण पांढऱ्या पेशी चौकटी आखलेल्या काचेवर मोजायच्या; मग प्रकार कळायला मायक्रोस्कोपखाली शंभर पेशी बघायच्या, दर पेशीमागं त्या-त्या प्रकारच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा. माझी मोजणी चुकत नसे. परदेशी मशीन येणार, असं डॉक्टर वर्षभर सांगत होते. तेव्हा सगळंच परदेशातून येणार होतं.

माझे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. मी वसतिगृहात राहून हा कोर्स केला. डॉक्टर मला नावानं हाक मारत नसत. "ए कोयता," म्हणत. सिस्टर हसत. मीही हसायची. त्याची आज लाज वाटते.

त्या दिवशीचं रक्त चौसाळ्याच्या अप्पांचं होतं. किराणा दुकान, गळ्यात लिंग, दारूचा थेंब कधी शिवला नाही. जुन्या काविळीनं यकृत पार वाळलेलं. पोटात पाणी व्हायचं, ते काढायला दर महिन्याला यायचे आणि मला विचारायचे, "पोरी, जेवलीस का?" त्या दवाखान्यात तेवढं एकच माणूस मला हे विचारी.

अप्पांच्या पांढऱ्या पेशी कायम साडेतीन हजार. या आजारात पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगते आणि पेशी अडवून धरते, म्हणून त्या कमीच राहतात. त्या दिवशी साडेनऊ हजार निघाल्या. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. शंभरातल्या नव्वद जंतूंवर धावून जाणाऱ्या. आत काहीतरी पेटलं होतं आणि अप्पा खाटेवर बसून मोसंबी सोलत होते.

मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, पोटातलं पाणी तपासायला पाहिजे. जंतू झालेत वाटतं."

"साडेनऊ नॉर्मल असतात."

"पण यांच्या साडेतीन असतात, सर."

त्यावर ते चिंचोके खाली आले. "आता कोयता निदान करणार? काचा धू तू."

मी काचा धुतल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला ओळखलं नाही. हात पुढं धरायला सांगितलं तर पंजे फडफडायला लागले. अप्पांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "झोप न्हाई झाली, म्हणून असंल." मला कळत होतं, यकृतानं न गाळलेलं विष डोक्यात चढलं होतं. तरी मी मान हलवली आणि आत गेले. माझ्या नोकरीवर घरची चूल होती, हे खरं. पण तोंड माझंच होतं, ते मीच मिटलं.

तिसऱ्या दिवशी अप्पांना पाणी गिळेना. अंग तव्यासारखं तापलं. दुपारी डॉक्टर माझ्या खोलीत आले, दार लोटून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला नावानं हाक मारली. मऊ आवाजात.

"परवाचा तो रिपोर्टाचा कागद फाड. आजच्या तारखेचा नवा लिही."

"न्हाई," मी म्हणाले. "रक्त परवाचं हाय. तारीख परवाचीच राहील."

"उद्यापासून येऊ नकोस."

कागद घेऊन मी सरळ काकूंकडं गेले. आकडा सांगितला, त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी जीप केली, अप्पांना औरंगाबादला घेऊन निघाल्या. गेवराईच्या पुढं अप्पांनी जीव सोडला.

मी चौसाळ्याला भेटायला गेले. काकू रडल्या नाहीत.

"तुला पहिल्याच दिवशी कळलंतं?"

"हो."

"मंग तवाच कावून न्हाई सांगितलं?"

नंतर मी अनेक दवाखान्यांत रक्त तपासलं, दोन ठिकाणांहून हाकललीही गेले. रिपोर्टावर सही कुणाचीही असो, मला जे दिसतं ते मी रोग्याच्या माणसाला त्याच घटकेला, तोंडावर सांगते. डॉक्टर शेजारी उभा असला तर त्यालाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.