तिसऱ्या सिलिंडरातलं फडकं

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी एका गाडीचं इंजिन उघडलं. आमची शेड कासार आंबोलीच्या फाट्यावर, रस्त्याला लागूनच. गाडी लहानशी, लाल, तीन सिलिंडरची, टर्बोवाली पेट्रोल. मालक पुण्याचा, शनिवार-रविवार इकडच्या बंगल्यावर यायचा. सकाळी चालू केली की गाडी हिवताप भरल्यासारखी थरथरायची, चढाला दम टाकायची; हवेच्या वाटेवरच्या व्हॉल्वला कार्बन धरला होता, तो खरवडून काढायचा होता. मी खाली चाकापाशी बसून पान्यानं इंजिन हळूहळू फिरवत होतो आणि कौसल्या, माझी बायको, बॉनेटखाली वाकून, हातातल्या बॅटरीच्या उजेडात आत बघत होती. व्हॉल्व नीट बंद झाला की ती म्हणायची, "थांबा." व्हॉल्व उघडा असताना खरवडलं तर सगळा कार्बन आत सिलिंडरात पडतो आणि इंजिनाचं वाटोळं होतं. म्हणून एकानं फिरवायचं न् एकानं बघायचं. आमच्यात बघायचं काम तिचं, कारण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तिच्या शब्दांत सांगायचं तर डोळे होते तेव्हाही मला काही दिसत नव्हतं.

दोन सिलिंडर झाले. तिसऱ्याच्या तोंडात तिनं फडकं कोंबलं. उघडं तोंड तसंच सोडून कधी उठायची नाही, एखादा नट आत गेला तर कोण काढणार. "हात धुऊन येते, मग ह्या शेवटच्याकडं बघू," म्हणाली आणि मागच्या नळावर गेली. बराच वेळ झाला तरी येईना. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "कौशे, मेली का काय तिकडं?" हे माझं रोजचं बोलणं. त्यावर तिचंही ठरलेलं असायचं, "तुमाला पोचवल्याबिगर न्हाई मरायची मी." त्या दिवशी नुसता नळाचा आवाज येत राहिला...

डॉक्टर म्हणाले, झटका आला, जागेवरच गेली. बरं झालं म्हणाले, त्रास नाही झाला. ज्याची जाते त्याला सांगावं त्यांनी बरं कशाला म्हणतात ते.

कौसल्या गोड बाई नव्हती. पेपरात मेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच लिहितात, म्हणून आधीच सांगतो. जीभ तिची पटाशीसारखी. लग्न झाल्यावर पुष्कळ वर्षं ती दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायला जायची आणि मी ट्रक-जीप दुरुस्त करायचो. मग ह्या नव्या गाड्या आल्या. जुन्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्ववरून आत जायचं, जाता जाता व्हॉल्व धुतला जायचा. नव्या इंजिनात पेट्रोलची धार थेट सिलिंडरात, व्हॉल्वला थेंबही लागत नाही. खालून ऑईलची वाफ मात्र येतच राहते, वर टर्बोची उष्णता, मग ती वाफ व्हॉल्वच्या पाठीवर भाजून चिकटते, तव्याच्या बुडाला काळं धरतं तशी. ते खरवडायला बोटं बारीक लागतात. माझी बोटं बघून ती म्हणाली, "ही बोटं हायेत का केळी? सरका." त्या दिवसापासून तिनं खाचर सोडलं आणि शेडात आली. मी पगार दिला नाही, तिनं मागितला नाही. शिव्या मात्र दोघांनी पोटभर घेतल्या-दिल्या.

गिऱ्हाईकालाही सोडायची नाही. मारुंजीचा एक कंपनीतला पोरगा आला होता, रोज दोन किलोमीटर ऑफिसला जायचा, तेही ट्रॅफिकात रांगत. म्हणाला, "काकू, मी तर गाडी एकदम जपून चालवतो." ही म्हणाली, "जपूनच मारली तुमी तिला. इंजिन गरम व्हायच्या आत बंद करता. आठवड्यातनं एकदा घाटात न्या, जरा रडू द्या तिला." तो बिचारा हसला. हिच्या तोंडावर हसू नव्हतं. गाडी तयार झाली की आम्ही दोघं ताम्हिणीच्या चढाला एक चक्कर मारायचो, मागचा पाईप साफ व्हावा म्हणून. तिची फिरायला जायची हौस तेवढीच. खिडकीतून बाहेर बघत बसायची आणि माझ्या गिअरला नावं ठेवायची.

आणि परत आलो की ती सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायची. बोटाला जे काळं लागेल त्याची गाडीच्या मागच्या काचेखाली, कोपऱ्यात, एक तीट लावायची. दृष्ट लागू नये म्हणून. आम्हाला मूल झालं नाही. गावातल्या बाया तिच्या तोंडावर म्हणायच्या, "पोराला लावायची तीट ही गाड्यास्नी लावती." मी ऐकून गप बसायचो. ती बसायची नाही. म्हणायची, "तुमची पोरं मोठी होऊन तुमास्नी घराबाहेर काढत्यात. माझ्या गाड्या सर्व्हिसिंगला तरी येत्यात." हे बोलून आत यायची आणि खरवडत बसायची, जरुरीपेक्षा जास्त जोरानं. मग मला कळायचं की लागलंय.

चारच्या सुमारास तिला उचललं. संध्याकाळी स्मशानातून घरी आलो तर बायकांनी तिची ट्रंक उघडली होती. चांगली पातळं बाजूला निघत होती, कुणाला कुठलं ते ठरत होतं. तिची राख अजून गरम होती. माझी मेव्हणी सिंधू, कौसल्येची धाकटी बहीण, एक मोरपंखी पातळ अंगाला लावून बघत होती. मला बघून म्हणाली, "दाजी, आक्काची आठवण म्हणून घेते." मी म्हटलं, "घे. जिवंत हुती तवा कधी आली न्हाईस आठवण घ्यायला." ती रडायला लागली. रडू दे म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. लाल गाडीचा मालक. "काका, झाली का गाडी?" मी म्हटलं, "साहेब, बायको वारली माझी." तो म्हणाला, "ओह... सॉरी काका. खूप वाईट झालं." आणि लगेच, "मग तुमचे तेरा दिवस होईपर्यंत गाडी तशीच राहणार का? मला शनिवारी लागेल हो. मी असं करतो, उद्या टो करून दुसरीकडं नेतो, ते बाकीचं करून घेतील. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

टेन्शन नव्हतं. मला डोळ्यांपुढं ते फडकं दिसलं. तिच्या जुन्या हिरव्या पातळाचं, तिनं स्वतःच्या हातानं फाडलेलं, तिसऱ्या सिलिंडराच्या तोंडात कोंबलेलं. ट्रंकेतलं सगळं बायकांनी वाटून घेतलं होतं. तिच्या हातचं राहिलेलं एवढंच. ते कुठल्यातरी गॅरेजातला कुणीतरी चिमट्यानं ओढणार आणि ऑईलच्या चिखलात फेकणार. मी म्हटलं, "उद्या दुपारी चालवत न्या गाडी."

सकाळी उठलो, चहा न घेता शेडाकडं निघालो. सिंधू दारात आडवी झाली. "दाजी, सुतक हाय. लोक तोंडात शेण घालतील."

"घालू दे. तोंड माझं हाय."

"लाज न्हाई वाटत? काल आक्काला जाळलं तुमी."

"काम तिचंच हाय," म्हटलं आणि गेलो.

पान्यानं इंजिन फिरवलं. कुणी थांबा म्हणेना. उठून वर गेलो, फडकं काढलं, बॅटरी लावून आत वाकलो, डोळा अगदी सिलिंडराच्या तोंडाला टेकवला. व्हॉल्व उघडाच. खाली आलो, थोडं फिरवलं, पुन्हा वर गेलो. आता फिरवणं जास्त झालं, बंद होऊन परत उघडला होता. गुडघे बोलायला लागले. खाली-वर, खाली-वर, रस्त्यावरनं जाणारे शेजारी थांबून बघत होते. एकजण मोठ्यानं म्हणाला, "म्हाताऱ्याला बायको न्हाई, गिऱ्हाईक पायजे." मी पाना फिरवत राहिलो. शेवटी व्हॉल्व नीट बंद झाला. माझ्या केळ्यांसारख्या बोटांनी खरवडलं, दोन बोटं सोलली. तिच्यासारखं नाही झालं. पण स्वच्छ झालं.

दुपारी इंजिन परत जोडून गाडी चालू केली. थरथर गेली होती. फडकं मी सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवलं होतं. मालक आला, म्हणाला, "वा काका, एकदम स्मूथ." किल्ली घेतली न् निघाला. घाटात चक्कर मारली नाही मी, शेजारची सीट रिकामी होती. सायलेन्सरमध्ये बोटही घातलं नाही.

तीट लावली नाही त्या गाडीला. लागू दे दृष्ट.