समोरासमोरच्या सीटा

काय सांगावं तुम्हाला, मला थोडी कमी अक्कल असती ना, तर आमच्या पुतण्याचं वऱ्हाड सुखानं चुडाव्याला पोचलं असतं! घ्या, चहा घ्या, सांगतो.

मी बोरीला शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणजे गावातल्या कुठल्याही कामात नाक खुपसायचा परवानाच म्हणा ना! माझ्या चुलतभावानं, सुधाकरनं, एक जुनी लक्झरी बस घेतली होती. माझे थोरले भाऊ अण्णा, त्यांच्या मुलाचं लग्न, आणि वऱ्हाड याच बसनं जाणार. पण बसचा खालचा पत्रा पार कुजलेला. तो बदलायचा म्हणून गंजलेले बोल्ट कापून सगळ्या सीटा काढल्या आणि आमच्या अंगणात आणून टाकल्या. झालं! गावातली रिकामी मंडळी दिवसभर त्या सीटांवर रेलून बसू लागली. तिकीट तेवढं मागायचं बाकी होतं.

त्यातले दोघे सीटा समोरासमोर ओढून गप्पा हाणत होते. ते बघून माझं डोकं चाललं.

"सुधाकर, सीटा परत बसवताना अशाच लाव. रेल्वेत असतात तशा. वऱ्हाड गप्पा मारत जाईल!"

"सर, उलट्या तोंडानं बसल्यावर मळमळतंय लोकायला."

"मनाचे खेळ असतात ते. विज्ञान काय सांगतं?"

विज्ञान काय सांगतं हे मलाही माहीत नव्हतं. पण सुधाकरनं नवी भोकं पाडली, वरून वेल्डिंग मारलं. आता सीट हलायची म्हटली तर बससकटच हलणार!

बायको भाकरी थापता थापता बाहेर आली. "आवं, सोयऱ्याधायऱ्याची तोंडं दिसू नयेत म्हनूनच सीटा एकामागं एक असतेत! अण्णा आन् दाजीचं काय करायलाव?"

"बस मोठी आहे," मी म्हणालो.

आता हे दाजी कोण? पिंगळीचे. आमच्या आक्काचे मालक. कधीकाळी एका लग्नात अण्णांकडून त्यांना फेटा बांधायचा राहिला. बस्स! तेव्हापासून अण्णांशी बोलणं बंद, आणि त्यापायी बिचाऱ्या आक्काचं माहेर बंद. नवरदेव तर आक्काच्या अंगाखांद्यावर वाढलेला. तो अडूनच बसला, "आत्या न्हाई, तर लग्न न्हाई!" शेवटी मी पिंगळीला जाऊन दाजींच्या हातापाया पडलो. ते कबूल झाले, पण अट घातली. "अण्णाचं तोंड दिसलं, की तुमच्या आक्काला घेऊन मी खाली उतरनार." मी छाती ठोकून शब्द दिला. तुम्ही मागं, अण्णा पुढं, काळजीच सोडा!

लग्नाच्या दिवशी बोरीतच पहिला घोळ झाला. गुडघ्याला गुडघा लागणाऱ्या त्या सीटांवर सुना सासऱ्यांसमोर बसेनात. पुतण्यांच्या गालात तंबाखू, ते अण्णांसमोर कसे बसतील? अण्णांच्या समोरची सीट रिकामीच राहिली आणि बाकी गाडी खच्चून भरली. परभणी येईपर्यंत उलट्या तोंडाची मंडळी पिवळी पडली. मग एकेकाचं सुरू झालं. आणि समोर कोण? नव्या पैठण्या, इस्त्रीचे सदरे! बायका किंचाळायल्यात, पोरं नाक दाबून उभी राहायलीत, आणि मी मधोमध उभा राहून सांगतोय, "लांब बघा, लांब!"

अशा गाडीत पिंगळीला दाजी आणि आक्का चढले.

आक्काला बायकांनी आपल्यात ओढून घेतलं. दाजींना मात्र जागा उरली होती एकच. अण्णांच्या समोर! अख्खी बस वळून बघायली. उलट्यासुद्धा थांबल्या. दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझा पगार, पद आणि पदवी सगळं विसरायला झालं.

"उतर गं," दाजी आक्काला म्हणाले. आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी घाबरून ओरडलो, "सुधाकर, हाण!"

गाडी झटक्यात निघाली आणि दाजी धपकन त्या सीटवर बसले. अण्णा खिडकीबाहेर बघायलेत, दाजी छताकडे. गुडघे मात्र एकमेकांत अडकलेले. तेवढ्यात समोर म्हैस आली, सुधाकरनं करकचून ब्रेक दाबला, आणि अण्णा उडून थेट दाजींच्या मांडीत!

आता मांडीत बसलेला माणूस काय बोलणार? अण्णा म्हणाले, "जयभीम."

समोरून जयभीम आला आणि दाजींनी उत्तर दिलं नाही, असं आजवर झालेलं नाही. छताकडे बघतच ते म्हणाले, "जयभीम." थोड्या वेळानं विचारलं, "हे सीटायचं डोकं कोनाचं म्हनायचं?"

"आमच्या पक्याचं. पोरायला विज्ञान शिकवतंय."

"तरीच!"

तिथून चुडाव्यापर्यंत दोघांचं तोंड बंद झालं नाही. विषय एकच, मी! लहानपणी मी काय काय बिघडवलं, त्याची अण्णांनी उजळणी केली, आणि दाजी मांडीवर थापा मारून हसत राहिले. आक्का तर हसता हसता रडायली होती.

मांडवात फेटा एक कमी पडला. अण्णांनी माझ्या डोक्यावरचा उचलला आणि स्वतःच्या हातानं दाजींच्या डोक्यावर ठेवला. "याला कामून पायजे?" एवढंच म्हणाले.

परत निघताना बसमध्ये चढायला एक माणूस तयार होईना. सगळं वऱ्हाड चुडावा स्टेशनकडं चाललं, पुढं अण्णा आणि दाजी गळ्यात गळा घालून. बायको जाता जाता म्हणाली, "रेल्वेत सीटा समोरासमोर असतेत. गप्पा मारत जातो आमी."

बस घेऊन सुधाकर निघाला आणि मागं मी एकटा. येतानाच्या उलट्यांनी सरळ तोंडाच्या सीटांवर बसायची सोयच उरली नव्हती, म्हणून उलट्या तोंडानं बसलो. पूर्णा मागं पडलं. सुधाकर आरशातून बघत होता.

"सर, मळमळायलंय का?"

"छे! मनाचे खेळ असतात ते," असं म्हणायला मी तोंड उघडलं खरं.

समोर कुणी बसलेलं नव्हतं, एवढीच काय ती इज्जत राहिली.