गोळी पेंडीच्या पिशवीवरचा मेंढा

मेंढा आडवा झाला तेव्हा माझ्या कॅमेऱ्यात सकाळपासूनचा सगळ्यात चांगला फोटो नुकताच आला होता. मान वर, तोंडात पेंड, डोळ्यांत पाणी चमकतंय. मी म्हणाले, "झालं." आणि तो माझ्या पांढऱ्या कागदावर धपकन पडला.

पाटणे साहेब म्हणाले, "काकू, झोपला का हा?"

"झोपलेलं जनावर दात खात नाही," मी म्हणाले.

मेंढ्याची डावी कूस फुगून पाठीच्या वर आली होती. जीभ बाहेर. त्याचा मालक सोपान धावत आला आणि गुडघ्यावर बसला. त्यानं कुशीवर टिचकी मारली. ढोलकीसारखा आवाज आला.

"बाई, गेला माझा सुभेदार," सोपान म्हणाला.

सुभेदार हे मेंढ्याचं नाव.

आम्ही चितेगावला होतो, जनावरांचं खाद्य बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गोदामात. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'निरोगी जनावर, आनंदी मालक.' त्याच भिंतीपलीकडं कंपनीचे डीलर नव्या पेंडीबद्दल भाषण ऐकत बसले होते. भाषण संपलं की ते चहाला बाहेर येणार आणि त्यांचा रस्ता आमच्यासमोरूनच होता.

मी फोटोग्राफर आहे. शिक्षण चौथी. औरंगपुऱ्यात आमचा स्टुडिओ होता, तो नवऱ्याचा. तो गेल्यावर मी चालवला. लग्नं मला कधी आवडली नाहीत, कारण लग्नात लोक हलतात, रडतात आणि नंतर म्हणतात, माझं नाक असं नाही. मी कंपन्यांचं काम धरलं. वस्तू नाकाबद्दल बोलत नाही. आता स्टुडिओ बंद आहे आणि मी फ्रीलान्स करते. फ्रीलान्स म्हणजे फोन येईल तिकडं जायचं.

या वर्षी मी पाण्याच्या पंपांचे फोटो काढले. स्टीलच्या डब्यांचे, मलमाच्या ट्यूबचे, हिमरूच्या शालींचे काढले. एका दातांच्या डॉक्टरच्या नव्या खुर्चीचे काढले. पैठण रोडला जनावरांचा नवा दवाखाना उघडला, त्याच्या बोर्डासाठी डॉक्टरीणबाईंचा काढला. यातलं काहीही आजारी पडलं नाही. वर्ष बरं चाललं होतं. मग पाटणे साहेबांचा फोन आला.

पाटणे साहेब कारखान्याचे मार्केटिंग मॅनेजर. पुण्याचे. बोलायला गोड, आणि जनावर त्यांनी लांबूनच पाहिलेलं. त्यांना मेंढ्यांसाठी नवी गोळी पेंड बाजारात आणायची होती. गोळी पेंड म्हणजे धान्य, चुनी, सरकी वगैरे दळून केलेल्या बोटाएवढ्या गोळ्या. पिशवीवर फोटो हवा होता. मेंढा पेंड खातोय आणि खूश आहे, असा.

"तो खूश आहे हे कसं कळणार?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा ना काकू," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'हिरो'. शंभर बिस्किटांतून एक निवडतात, न तुटलेलं, सगळीकडून सारखं. फोटो त्याचाच. त्याला हिरो म्हणतात. मी हर्सूलकडच्या माळांवर हिरो शोधत फिरले. एकाचं शिंग मोडकं, दुसऱ्याला डोळा नाही. मग सोपानच्या कळपात सुभेदार दिसला. काळं तोंड, शिंगांचे दोन पूर्ण वेढे, आणि चालणं असं की कारखाना त्याचाच आहे.

सोपान लगेच तयार झाला नाही. "बाई, ह्यो एकच नर हाय कळपाला," तो म्हणाला. "आधीच्या मेंढ्याची पिल्लं तगत नव्हती. ह्याची तगत्यात. ह्याला कायी झालं तर माझं घर बसलं."

"फोटोनं काही होत नाही," मी म्हणाले.

त्याची बायको गयाबाई म्हणाली, "नजर लागती." पण नंतर तिनंच सोपानला सांगितलं, "जाऊ द्या. आपला सुभेदार पिशवीवर येतोय, दुसऱ्या कुनाचा कशाला येऊ द्यायचा?"

मी एकच गोष्ट बजावली. आदल्या संध्याकाळपासून मेंढ्याला खायला घालायचं नाही. भुकेलं जनावर फोटोत नीट खातं. पोट भरलेलं जनावर इकडं तिकडं बघतं, आणि आपला वेळ जातो. सोपाननं मान डोलावली. गयाबाईनं डोलावली नाही, हे मी पाहिलं होतं. पण मी पुढं काही बोलले नाही.

त्या सकाळी मी कागद लावला. आमचा कागद गादीएवढा रुंद असतो. तो भिंतीवरून जमिनीपर्यंत वळवून सोडला की मागं कोपरा दिसत नाही, नुसतं पांढरं दिसतं. मेंढा अजून टेम्पोतच होता. लाइट बसवायला त्याच्या जागी कोणीतरी पाहिजे होतं. उंची जुळणारं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी पाटणे साहेबांना हातापायांवर उभं केलं.

"तोंड घमेल्याकडं," मी म्हणाले.

"काकू, शिपाई बघतोय."

"बघू द्या. मान वर."

मग सुभेदार आला. गयाबाईच्या हातात मी रिफ्लेक्टर दिला. तो चंदेरी पत्रा उजेड फेकायला लागतो. तिनं आधी त्यात स्वतःचं तोंड बघून कुंकू नीट केलं. सुभेदारनं पेंडीत तोंड घातलं आणि मी कामाला लागले. पहिल्या वेळी शिंगानं लाइट पाडला. दुसऱ्या वेळी त्यानं डोळे मिटले. पाटणे साहेब दर वेळी घमेलं शिगोशीग भरायचे, कारण अर्धं घमेलं बरं दिसत नाही. मी दर वेळी म्हणायचे, "अजून एकदा." सुभेदार दर वेळी खायचा. सोपान कौतुकानं बघत होता. मला वाटलं, उपाशी ठेवल्याचा फायदा झाला.

मग तो पडला.

मी डॉक्टर शेखना फोन लावला. दवाखान्याच्या बोर्डासाठी ज्यांचा फोटो काढला होता, त्याच. माहेर सिल्लोडचं, आवाज फौजदाराचा. त्या म्हणाल्या, "आडवा पडू देऊ नका. उभा करा. पुढचे पाय उंचावर ठेवा, म्हणजे गॅस वर येईल. मी निघाले."

सोपान आणि शिपायानं त्याला उठवलं. उंचावर पाय ठेवायला जवळ एकच गोष्ट होती, नव्या पेंडीची पोती. दोन पोत्यांची थप्पी रचून त्यावर सुभेदारचे पुढचे पाय ठेवले. पाटणे साहेबांनी त्याचं डोकं धरलं. ते घामानं भिजले होते.

"काकू, हा इथं मेला तर माझं काय होईल?"

सोपाननं मागूनच विचारलं, "साहेब, अन् माझं?"

पाटणे साहेब म्हणाले, "दुसरा घेऊन देऊ ना. याच्यापेक्षा मोठा."

"मोठा कुटंबी मिळंल. पिल्लं तगायची काय ग्यारंटी देता? पिशवीवर लिवता का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या हॉलचं दार उघडलं आणि डीलर बाहेर आले.

त्यांना काय दिसलं ते मी सांगते. पांढराशुभ्र कागद, चारी बाजूंनी लाइट, आणि नव्या पेंडीच्या पोत्यांवर पुढचे पाय ठेवून छाती काढलेला मेंढा. शेजारी मॅनेजर त्याची मान कुरवाळतोय. डीलर थांबले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा साहेब, काय पोझ दिलीय!"

सगळ्यांनी मोबाइल काढले. पाटणे साहेब हसले. असं हसू मी लग्नाच्या फोटोंत पुष्कळ पाहिलंय, म्हणून तर लग्नं सोडली.

एक म्हातारा डीलर जवळ येऊन निरखायला लागला. "डाव्या अंगाला जरा जास्तच भरलाय, न्हाई का?"

"हाय प्रोटीन आहे," साहेब म्हणाले.

गयाबाईनं रिफ्लेक्टर त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर वळवला. ती मुद्दाम वळवत होती की रडं लपवत होती, मला माहीत नाही. म्हातारा डोळे चोळत चहाकडं गेला.

डॉक्टर शेख आल्या. कुशीवर हात ठेवला, कान लावला, आणि बॅगेतून रबरी नळी काढली.

"नळी घालायच्या आधी मला सांगा, यानं काय काय खाल्लंय? सच बोलो सब."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "काल संध्याकाळपासून उपाशी आहे. मीच सांगितलं होतं. आत्ता फोटोत पेंड खाल्ली तेवढीच."

"उपाशी? ये भूखे का पेट है?"

"व्हय, उपाशीच हुता," सोपान म्हणाला.

गयाबाई पदराचं टोक पिळायला लागली. "तसा उपाशीच."

"तसा म्हणजे कसा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पहाटं भिजलेला मका घातला वाईच. पाटीभर. चार लोकांत चाललेलं जित्राब, उपाशी कसं धाडू? खपाटीला गेलेलं पोट दिसलं असतं फोटोत. लोकं म्हनली असती, धनगराच्या घरी मेंढा उपाशी."

सोपान तिच्यावर ओरडला. "तुला बाईनं काय सांगितलं हुतं?"

"तुम्ही गप बसा," गयाबाई म्हणाली. "टेम्पोत घास कुनी चारला? मी पुढं बसले हुते, आरशात दिसत हुतं मला."

डॉक्टरीणबाईंनी सोपानकडं बघितलं. सोपाननं टोपी काढली. "टेम्पो हादरत हुता. भ्यालेला बिचारा. एक पेंढी दिली लसूणघासाची. ओली हुती जरा."

"और?"

पाटणे साहेब मेंढ्याचं डोकं धरूनच हळूच म्हणाले, "मॅडम, काकू लाइट लावत होत्या ना, तेव्हा मी टेम्पोत जाऊन ट्रायल घेतली. पेंड खातो की नाही बघायला. नवीन चव आहे ना, नाही खाल्ली तर... थोडा गूळ घालून."

"किती?"

"खाल्ली त्यानं सगळी. मला फार बरं वाटलं."

गेटवरचा शिपाई म्हणाला, "म्याडम, मी फक्त दोन केळी दिली."

डॉक्टर शेख माझ्याकडं वळल्या. "आणि तुम्ही काकू?"

"मी काही दिलं नाही," मी म्हणाले. "मी फक्त 'अजून एकदा' म्हणत होते."

"उसी ने तो मारा," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

मधे भोक पाडलेली एक लाकडी पट्टी त्यांनी सुभेदारच्या दातांत अडकवली आणि त्या भोकातून नळी घशात सोडली. थोडी, अजून थोडी. काहीच झालं नाही. सुभेदारचे मागचे पाय थरथरायला लागले. सोपान काहीतरी पुटपुटत होता. गयाबाईनं रिफ्लेक्टर खाली टाकला आणि मेंढ्याची शेपटी घट्ट धरली, जणू तो तिकडून निघून जाणार होता. डॉक्टरीणबाईंनी नळी जराशी मागं ओढली, फिरवली आणि पुन्हा आत ढकलली.

मग आवाज झाला. ट्रकचा ब्रेक सुटतो तसा, पण लांबलेला. नळीचं तोंड पाटणे साहेबांकडं होतं. मका, घास, गूळ, केळी आणि नवी पेंड, सगळ्यांचा मिळून एक वास त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी डोकं सोडलं नाही, एवढं मात्र मी त्यांच्या बाजूनं सांगेन. नाक दाबायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते नुसते डोळे मिटून उभे राहिले.

कूस हळूहळू खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी नळीतूनच तेल आणि औषध ओतलं. "आज काही खायला नाही. उद्या फक्त वाळला चारा. आणि कोणी प्रेम करायचं नाही," त्या म्हणाल्या.

सुभेदार पोत्यांवरून खाली उतरला. अंग झाडलं. माझ्या कागदावर मुतला. मग घमेल्याकडं गेला आणि त्यानं तोंड खाली घातलं. आम्ही सगळे एकदम ओरडलो. ओरडा ऐकून डीलर चहाचे कप घेऊन परत आले आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

फोटो मी कारखान्याच्या मालकांना दाखवले. त्यांनी मेंढा पडायच्या आधीचा, शेवटचा निवडला. "पोट बघा काय भरलंय! हेच पाहिजे."

मी म्हणाले, "साहेब, हा आजारी मेंढा आहे. पोटफुगी झालेला."

"ते तुम्हाला माहीत. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची माझी पद्धत नाही. पिशव्या छापल्या.

मग सिल्लोडकडच्या डीलरचा फोन आला. पाटणे साहेबांनी तो स्पीकरवर टाकून मला ऐकवला. "साहेब, गिऱ्हाईक पिशवी उचलतंय, मेंढ्याकडं बघतंय अन् पिशवी खाली ठिवतंय. मी इचारलं, का रं बाबा? तर म्हनतंय, ह्यो फुगलाय. पेंड नगं, आधी ह्याला डाक्टर दाखवा."

नव्या पिशवीवर फोटो नाही, नुसती हिरवी पट्टी आहे. ती कोणीही काढू शकतं, म्हणून ते काम मला मिळालं नाही.

या वर्षात मी एवढंच शिकले. जनावराला उपाशी ठेवा असं चार माणसांना सांगितलं, तर ते चार वेळा जेवतं. आता मी जनावराच्या कामाला जाताना कॅमेऱ्याच्या आधी डॉक्टर शेखना फोन करते. त्या फोन उचलल्या उचलल्या विचारतात, "अभी किसको खिलाया?"

जुन्या पिशव्या रद्दीत गेल्या. पाटणे साहेब पुण्याला परत गेले, आता मोबाइलची कव्हरं विकतात. सुभेदार जिवंत आहे.