दाजींच्या हातचा रिमोट

मोबाइलचा चार्जर तापून करपट वास आला, की मी मनानं थेट वाटूरच्या आमच्या जुन्या घरी, टीव्हीसमोरच्या सतरंजीवर जाऊन बसतो. अधिक महिना होता. लग्नातल्या मानपानावरून रुसलेले दाजी धोंड्याच्या जेवणाला कसेबसे आले होते. पुन्हा बिनसलं तर ताईचं माहेर तुटणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वडिलांनी मला बजावलं, "जावयाचं मन राख. ते म्हणतील तोवर खेळायचं." मी विमानांच्या लढाईचा गेम लावला आणि मानाचा म्हणून पहिला रिमोट दाजींना दिला. तिथंच चुकलं, कारण खेळ थांबवायचं बटण त्या एकाच रिमोटला होतं. दुपारभर आमची विमानं गोळ्या झाडत उजवीकडे सरकत राहिली; गेमचा अडॅप्टर तापून त्याला करपट वास सुटला. दाजींना गोळी लागू नये म्हणून मी माझं विमान आडवं घालून मरायचो. खेळ संपला, की दाजी निमूट पुन्हा सुरू करायचे. माझा अंगठा सुजला, पाठीची कमान झाली. शेवटी ताई चहा घेऊन आली आणि माझं तोंड पाहून म्हणाली, "अहो, थांबवा की! पोरगं मरून राह्यलं." दाजींनी बटण दाबून मान चोळली. "मंग बोलायचं न्हाई का, मेव्हणे? मला वाटलं तुमची हौस हाय, म्हणून बसलो!" स्वयंपाकघरात हसू फुटलं, दाजीही हसले आणि ताई आठवडाभर राहिली. आता सासुरवाडीला मीच दाजी आहे. केस पिकलेला मेव्हणा जेवण झालं की कॅरम मांडतो आणि मी कंबर धरून "चालू द्या" म्हणतो. त्या बिचाऱ्यालाही कुणीतरी बजावलेलंच असणार.