अकराव्या प्रश्नाचं उत्तर

गाईडसरांनी आयुष्यभर एकच उद्योग केला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांचे अर्थ सांगायचे. तेही सुटसुटीत, मुद्द्यांत. नदी आली की काळाचं प्रतीक, दोन गुण. पक्षी उडाला की स्वातंत्र्य, तीन गुण. नायिकेने दिवा मालवला तर मग बघायलाच नको, पाच गुण आणि खाली एक टीप. शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं, ते कोणाच्या फारसं लक्षात नाही. पण त्यांच्या पिवळ्या कव्हराच्या गाईडावर निम्मं शहर पास झालं होतं. सर स्वतः ‘गाईड’ हा शब्द चुकूनही तोंडातून काढत नसत, ‘विवेचन’ म्हणत. लोक त्यांना तोंडावर सर म्हणायचे आणि पाठ फिरली की गाईडसर.

या सगळ्यात त्यांचं नाव झालं ते एका जुन्या कादंबरीमुळे. ती वर्षानुवर्षं अभ्यासक्रमाला होती. गोष्ट साधीच. एका बाईचा नवरा बोटीवर कामाला असतो, दर शनिवारी संध्याकाळी सातला घरी येतो, पुढे यायचा बंद होतो, आणि ती वाट बघत राहते. तिसऱ्या प्रकरणात लेखकाने सहज लिहून टाकलंय की तिच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं आणि ते तसंच ठेवायचं असा तिचा हुकूम होता. बस, एवढंच. त्यानंतर अख्ख्या पुस्तकात घड्याळाचं नाव नाही. लेखक सुटला बिचारा, पण मास्तर लोक थोडेच सोडतात? ‘नायिका घड्याळ पुढे का ठेवते?’ हा प्रश्न पाच गुणांना येऊ लागला आणि सरांनी त्याचं उत्तर लिहिलं. घड्याळ म्हणजे नियती. माणूस कितीही धावला तरी ती त्याच्या पुढेच. तीन मुद्दे, एक समारोप.

सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय आपटत जावं तसं. छापखान्यातल्या माणसांनी पहिल्याच वेळी हात जोडले. तेव्हापासून सरांनी खरडायचं आणि बायकोने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याची पक्की प्रत करायची, अशी घरची पद्धत पडून गेली. तिचं अक्षर गोल, एका ओळीत, बघत राहावं असं. शिक्षण अर्धवट सुटलं होतं, पण शुद्धलेखनात सरांच्या चुका तीच काढायची. छापून आलेली कच्ची पानंसुद्धा तीच तपासायची. सर एकदा लिहून झालं की त्याकडे ढुंकून बघत नसत, कारण तोवर पुढचं पुस्तक डोक्यावर बसलेलं असायचं. अठ्ठावीस वर्षं हे असं चाललं. मग चार वर्षांपूर्वी ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. सरांना काही बोलायला सवडच मिळाली नाही. तशी ती त्याआधीही त्यांनी कधी काढली नव्हती म्हणा.

तर झालं असं, की सरांच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात एक नवीन बाई गल्ल्यामागे बसायला लागली. चाळिशीची, तोंडाने तिखट, हाताने चपळ. सरांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली. तिने नाव वाचलं आणि कात्री तशीच हातात धरून वर बघितलं.

“सर, ते पिवळं गाईड तुमचंच ना?”

“विवेचन,” सर म्हणाले.

“तेच ते. अहो, माझं अख्खं पाठ होतं. आता सगळं गेलं डोक्यातून, पण अकराव्या प्रश्नाचं उत्तर अजून तोंडपाठ आहे. म्हणू?” आणि सरांनी हो-नाही म्हणायच्या आत तिने डोळे अर्धवट मिटून, परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणतात त्या चालीत सुरूही केलं. “प्रश्न अकरावा. नायिका घड्याळ दहा मिनिटे पुढे का ठेवते? सविस्तर उत्तर लिहा. उत्तर. प्रस्तुत कादंबरीतील घड्याळ हे नियतीचे प्रतीक आहे असे काही जाणकार मानतात. परंतु नायिकेला नियतीशी काही देणेघेणे नाही. तिला सात वाजताची काळजी आहे...”

“थांब, थांब.” सरांमधला मास्तर जागा झाला. “हे कुठलं? हे मी लिहिलेलं नाही. घड्याळ म्हणजे नियतीच. पहिला मुद्दा असा...” आणि त्यांनी गल्ल्यापाशी उभं राहून तिन्ही मुद्दे सांगितले. मागे खोकल्याच्या औषधासाठी थांबलेल्या गृहस्थाने एक सुस्कारा टाकला. औषधवाली हसली. “नाव तर तुमचंच होतं कव्हरवर. आणि सर, हे उत्तर लिहिलं म्हणून मला पाचपैकी एक गुण मिळाला होता, पण माझी काही तक्रार नाही हो. मला आवडायचं ते.”

सर गोळ्या घेऊन घरी आले. रस्ताभर त्यांची चिडचिड होत होती. कोणीतरी आपल्या गाईडात लुडबुड केली, छापखान्यातलाच कोणीतरी आगाऊ असणार. घरी आल्यावर त्यांनी शेवटची आवृत्ती काढली, तर तीत अकरावा प्रश्न भलताच निघाला. घड्याळाचा पत्ताच नाही. मग माळ्यावरची ट्रंक खाली ओढली, कंबर धरून बसले, आणि त्यांना आपलं सव्वीस वर्षांपूर्वीचं खरडलेलं बाड मिळालं. प्रश्न अकरावा, नियती, तीन मुद्दे, समारोप. आपण लिहिलं ते हे. छापून आलं ते दुसरंच. मधे एकच टेबल होतं, स्वयंपाकघरातलं.

 बायकोच्या अक्षरातल्या वह्या घरात शंभर तरी असतील. सगळ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, अधूनमधून उघडून अक्षरावरून बोटही फिरवायचे. पण त्या वह्यांत तिचं काय होतं? अक्षर तिचं, शब्द सगळे आपले. आता कळत होतं की एका पानावर ती स्वतः बोलली होती, आणि ते पान घरात नव्हतं; ती वही छापखान्यात गेली ती परत आलीच नव्हती, आणि पहिल्या आवृत्तीची प्रत सरांनी ठेवली नव्हती. तिने काय लिहिलं असेल? सात वाजताची काळजी, आणि त्याच्यापुढे काय? ते वाचायला मिळावं म्हणून सरांचा जीव इतका तळमळला, की तशी तळमळ ती गेली तेव्हाही त्यांना झाली नव्हती. तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्याला तिचं सगळंच माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. तो आता थकला होता, पण आठवण पक्की. “अहो सर, त्या उत्तरावरून केवढा गोंधळ झाला होता. परीक्षक म्हणाले, हे मुद्देसूद नाही, पोरांना गुण देता येत नाहीत. मीच तुमच्या घरी येऊन सांगितलं की तिसऱ्या आवृत्तीत अकराव्या प्रश्नाचं काहीतरी करा. तुम्ही म्हणालात, प्रश्नच काढून टाका. जुनी प्रत? सर, गाईड कोणी जपून ठेवतं का?”

फोन ठेवला आणि सरांना ती दुपार आठवली. आठवली नसती तर बरं झालं असतं. प्रकाशक बाहेर पडला होता. आपण दारातूनच म्हणालो होतो, “अकरावा काढून टाक गं, लोकांना पटत नाही.” ती हात पुसत आली. “पूर्ण?” “पूर्ण.” मग ती म्हणाली, “एकदा वाचून तरी बघता का?” आणि आपण, आपण म्हणजे या शहरातले सगळ्यात हुशार गृहस्थ, म्हणालो होतो, “त्यात काय वाचायचंय? मीच लिहिलंय ना.” तिने मान हलवली आणि आत जाऊन पानावर काट मारली. स्वतःच्या हाताने. रात्री जेवताना तिने नेहमीसारखं वाढलं. सरांना नदीचा अर्थ कळत होता, पक्ष्याचा कळत होता, आणि समोर उभी असलेली बाई वाचून बघता का म्हणते याचा अर्थ कळला नव्हता.

मग सुरू झाली वणवण. सर रद्दीवाल्यांकडे गेले. एकाने सांगितलं, “गाईडं परीक्षा संपल्याच्या दिवशी येतात आणि त्याच आठवड्यात लगद्याला जातात, सर. राग असतो पोरांना.” ग्रंथालयातल्या बाईंनी नाक मुरडलं, आम्ही गाईडं ठेवत नाही म्हणाल्या. शाळेच्या कपाटात नकाशे निघाले, हजेरीपट निघाले, एक फुटका पृथ्वीगोल निघाला. शेवटी त्यांनी लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीला फोन केला. आई कधी त्या कादंबरीबद्दल, घड्याळाबद्दल काही बोलली होती का?

“आई बोलायची कुठे, बाबा?” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “तुम्ही लिहिताय म्हणून आम्ही घरात पाय न वाजवता चालायचो. कपबशीसुद्धा हळू ठेवायचो.”

आता उरली ती औषधवाली. एवढ्या मोठ्या शहरात बायकोचं उत्तर एका माणसाच्या डोक्यात शिल्लक होतं, तेही घोकंपट्टीच्या कृपेने. याच घोकंपट्टीवर सरांनी वर्गात हजार वेळा तोंडसुख घेतलं होतं. समजून घ्या रे, पोपटपंची करू नका! आता ते मनातल्या मनात म्हणत होते, पोरी, तू काही समजून घेतलेलं नसू दे, फक्त एक शब्दही विसरलेली नसू दे. गोळ्या संपायला अजून तीन आठवडे होते. तरी सर गेले, भर दुपारी, दुकानात कोणी नसताना.

“पुढे म्हण,” ते म्हणाले. “सात वाजताची काळजी, त्याच्यापुढे.”

“मधूनच नाही येत हो सर, पहिल्यापासून धरावं लागतं.” तिने गोळ्यांची पाकिटं बाजूला सारली. “आणि मागच्या वेळेसारखं मधे बोलायचं नाही.”

सरांनी मान हलवली आणि गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरली. तिने डोळे अर्धवट मिटले. प्रश्न म्हटला, नियती म्हटली, जाणकार म्हटले, सात वाजताची काळजी आली आणि गेली. पुढे तिचा आवाज त्याच सपाट चालीत, श्वास न घेता जात राहिला.

“...नवरा सातला येणार असतो. घड्याळात सात वाजतात आणि तो आलेला नसतो. तेव्हा ती स्वतःला सांगते, आपले घड्याळ पुढे आहे, अजून उशीर झालेला नाही. अशी दहा मिनिटे तिने स्वतःपुरती राखून ठेवली आहेत. या दहा मिनिटांत ती रागावत नाही, रडत नाही, दारात जाऊन उभी राहत नाही. जेवण पुन्हा गरम करायला ठेवते. घड्याळ पुढे आहे हे तिला ठाऊक असते, तरी सात वाजले की ती दचकते, आणि दचकल्यावर तिला ते आठवते. तेवढेच तिचे सुख आहे. ज्यांची कोणी वाट पाहते त्यांना हे हास्यास्पद वाटेल. जे वाट पाहतात त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही. मात्र हा उपाय नवरा घराबाहेर गेलेला असेल तरच चालतो. ज्याची वाट पाहायची तो पलीकडच्याच खोलीत बसलेला असेल तर घड्याळ किती पुढे ठेवावे, याचे उत्तर कादंबरीत दिलेले नाही. गुण पाच.”

तिने डोळे उघडले आणि पहिला नंबर आल्यासारखी हसली. एक शब्द चुकला नव्हता, हे तिचं तिलाच कळलं होतं.  सरांनी खिशातून कागद काढला, पेन काढलं, आणि ‘प्रश्न अकरावा’ एवढं लिहिलं. कोंबडी नेहमीसारखीच पाय आपटत गेली.

“परत म्हण,” ते म्हणाले. “हळू. मला उतरवून घ्यायचंय.”

“तुमचंच उत्तर तुम्ही उतरवून घेणार?” औषधवालीला मोठी गंमत वाटली. “पण सर, इतकी वर्षं मला एक विचारायचं होतं. बाकी सगळं गाईड आपलं गाईडासारखं. हा एवढा शेवट तुम्हाला सुचला तरी कसा?”

“मला नाही सुचला,” सर म्हणाले. “मी पलीकडच्या खोलीत होतो.”