काठातली लाल तार

माझी बायको गेली तेव्हा मागावर ताणा, म्हणजे कापडाच्या सुताच्या उभ्या तारा, चढलेला होता. सहा लुगड्यांचा. एक विणून झालं होतं, पाच बाकी होती. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या ताण्यावरच आहे.

मी विणकर. शाळा चौथीपर्यंत. वडिलांच्या मागावर बसलो तो उठलोच नाही. घरचा माग गेला, मग शहरात गांधीबागेच्या मागच्या बाजूला एका मालकाच्या शेडमध्ये बसायला लागलो. तिथे एके काळी चाळीस माग होते. आता पाच आहेत आणि त्यातले दोन झाकून ठेवलेले. आमच्या दोन खोल्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून होत्या. बायको कांड्यांवर सूत भरायची, ताणा सांधायची, आणि दुपारी डबा न आणता जेवायलाच बोलवायला यायची. डबा हा प्रकार मला पासष्टीनंतर माहीत झाला.

ती गेल्यावर मुलगा मला खापरखेड्याला घेऊन आला. तो वीज केंद्रात आहे, कॉलनीत क्वार्टर आहे. खोल्या सोडल्या. सामान एका टेम्पोत मावलं, तोही अर्धाच भरला. चौदाव्या दिवशी मी म्हणालो, उद्यापासून कामावर जातो.

मुलगा म्हणाला, "कोन्या कामावर?"

"मागावर."

"बाबा, इथून?"

"बस जाते ना."

बस जाते. सकाळी साडेसहाला खापरखेड्याहून निघायचं, शहरात बर्डीला उतरायचं, तिथून दुसरी बस नाहीतर ऑटो, मग पायी. जायला दोन तास, यायला त्याहून जास्त. पैशाचं मी बोलत नाही. त्यात काही उरत नाही हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं, मलाही.

मग मी काहून जात होतो, तर त्याचं कारण कोणाला सांगितलं नव्हतं.

जुना ताणा संपत आला की विणकर तो पूर्ण कापून काढत नाही. तारा ओवलेल्या फणीच्या मागे वीतभर तारा तशाच ठेवतात आणि नव्या ताण्याची एकेक तार त्या जुन्या तारेला पीळ देऊन जोडतात. बोटाला राख लावायची, दोन तारा चिमटीत धरायच्या, पीळ द्यायचा. अशा हजारो तारा. याला आम्ही सांधणं म्हणतो. हे काम बायकोचं. तिची बोटं एवढी जलद चालायची की बघणाऱ्याला वाटावं ही नुसती राख चोळून राहिली.

शेवटचा ताणा सांधला तेव्हा तिला ताप होता. मी म्हणालो, उद्या कर. ती म्हणाली, उद्या मालक ओरडते. तिनं काम पुरं केलं आणि काठाजवळ चूक केली. काळ्या तारेच्या जागी लाल लागली आणि लालच्या जागी काळी. पन्नास वर्षांत तिच्या हातून अशी चूक मी पाहिली नव्हती. पहिलं लुगडं निघालं तेव्हा काळ्या काठात लाल रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तोवर ती दवाखान्यात होती. मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं. ती म्हणाली, "त्या दोन तारा सरळ करून घ्या. लोक म्हनतीन, हिले रंग दिसत नव्हता."

मी हो म्हणालो.

पाच मिनिटांचं काम आहे. दोन तारा तोडायच्या, अदलाबदल करायची, पीळ द्यायचा. चौदा दिवसांनी मागावर बसलो, तारांवर हात ठेवला आणि तसाच काढून घेतला. विणायला लागलो. लाल रेघ पुढे निघाली.

मालकानं तिसऱ्या दिवशी पाहिलं. चष्मा वर करून म्हणाला, "काठात हे लाल कायचं गा?"

"तार उलटी बसली."

"मंग सरळ कर ना."

"राहू द्या."

"गिऱ्हाईकाले दिसते ना बाप्पा."

"दिसू द्या."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि गेला. त्यालाही माहीत होतं कोणी सांधलं ते. नंतर निघालेली लुगडी त्यानं वेगळी ठेवली, बाकीच्या मालात घातली नाहीत.

असे दिवस जात होते. मला फार वाईट वाटत होतं असं कोणी समजू नये. काही वाटतच नव्हतं. तोंडात सुई टोचल्यावर दातवाला दात काढतो तेव्हा जसं होतं, ओढल्याचं कळतं, दुखत नाही, तसं. जेवत होतो, झोपत होतो. खापरखेड्याला सगळीकडे राख असते, खिडकीच्या कडेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. सून दिवसातून दोनदा ओटा पुसते. मी बसमधून वीज केंद्राची धुराडी बघायचो, राखेचे ट्रक बघायचो. बघायचो म्हणजे डोळे उघडे असायचे.

बसचं एक बरं होतं. घरी सून विचारायची, झोप लागली का, गुडघा कसा आहे. मुलगा विचारायचा, कसं वाटून राहिलं. बसमध्ये कोणी काही विचारत नव्हतं. फक्त एक जण होता, बर्डीवर मोबाइलच्या कव्हरचं दुकान लावणारा. रोज माझ्या बाजूला बसायचा.

एक दिवस म्हणाला, "काका, रोज टायमावर. कोन्या हापिसात साहेब हाव तुम्ही?"

"माग चालवतो. हातमाग."

"अजून चालते का ते?"

"मी चालवलं तं चालते."

"आन नाही चालवलं तं?"

"तं नाही चालत."

तो हसला. म्हणाला, "माह्यंही तसंच हाये." मग बर्डी येईपर्यंत झोपला, डोकं माझ्या खांद्यावर टाकून. मी हलवलं नाही.

पावसाळा गेला. तिसरं लुगडं उतरलं, चौथं लागलं. एका संध्याकाळी मी चपला काढत होतो तर सून समोर येऊन बसली. ती सरळ बोलणारी आहे, मला ते चालतं.

म्हणाली, "बाबा, मले पाचला उठा लागते तुमच्या डब्यासाठी. मी तक्रार नाही करून राहिली. पन एकदा सांगा, किती दिवस?"

"ताणा संपेपर्यंत."

"म्हन्जे किती?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले, मग थोडे जवळ आणले. तिला काय कळणार. म्हणाली, "महिन्यात सांगा."

"दीड-दोन."

"मंग बंद?"

मुलगा आतून म्हणाला, "बंदच. गुडघ्याचं काय सांगितलं डॉक्टरनं? चढ-उतार नको. आन दिवसातून चार येळा बस चढून राहिले." मग बाहेर आला. "काहून जाता बाबा? खरं सांगा. तिथं आहे काय आता?"

मी म्हणालो, "ताणा आहे."

मी ठरवून टाकलं. ताणा संपला की बंद. दोघांच्या समोर हो म्हणालो.

मग मी हळू विणायला लागलो. हे मी कबूल करतो. जे लुगडं वीस दिवसांत उतरायचं त्याला महिना लागायला लागला. तार तुटली की जोडायला उशीर लावायचो. दुपारी डबा खाऊन मागाला टेकून बसायचो. फणीच्या मागे ती लाल तार काळ्यांमधून येताना दिसायची. रोज दोन तास जाणं आणि त्याहून जास्त येणं, ते त्या एका तारेसाठी चाललं होतं. कोणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. बरोबरच होतं ते.

पण ताणा हळू विणला तरी संपतो. सहावं लुगडं शेवटच्या हातावर आलं तेव्हा मालक म्हणाला, "नवा ताणा तयार आहे. सांधायले बाई सांगितली. तू बसतं का नाही ते सांग, नाही तं त्या दुसऱ्या विणकराले देतो माग."

मी म्हणालो, "दुसऱ्याले द्या."

"नक्की?"

"पोराले शब्द देला."

"बरं," तो म्हणाला. "मंग सांधेपर्यंत तरी थांब. तुह्या मागाचं तुले माहीत."

बाई उमरेडकडची होती, माझ्याच वयाची. आल्या आल्या म्हणाली, "राख कुठं हाये भाऊ?"

राख नव्हती. आता गल्लीत कोणाच्या घरी चूल नाही. हे मला आदल्या दिवशीच सुचलं होतं, म्हणून मी खापरखेड्याहून कागदाच्या पुडीत राख आणली होती. तिथं काय कमी आहे. बाईनं चिमूटभर बोटावर घेतली, चोळली, झटकून टाकली.

"हे का सिमेंट आनलं का? बोटं सोलून निघतीन माह्ये."

"खापरखेड्याची आहे."

"मंग तिथंच भिंत बांधा. मले गोवरीची पायजे."

बाकीचे विणकर हसले. मीही हसलो असेन, तोंड हललेलं आठवतं. मग मागाखालच्या फळीवर हात घातला. तिथे बायकोची डबी होती, कुंकवाच्या डबीसारखी पत्र्याची, आत चाळून ठेवलेली गोवरीची राख. पाच महिने मी त्या फळीकडे हात नेला नव्हता. झाकण घट्ट बसलं होतं. उघडून दिली.

बाईनं बोटं बुडवली. "हां," म्हणाली, "ही बाईमान्साची राख."

ती बसली सांधायला. काळ्याला काळी, लालला लाल, रंग बघून पटापट. मी बाजूला बसून नव्या ताण्याच्या तारा तिच्याकडे सारत होतो. ती काठाकडे सरकत होती. मला माहीत होतं पुढे काय होणार. जुन्या तारांमध्ये काळ्यांच्या मध्ये एक लाल होती. बाई रंगाला रंग लावणार, नवी लाल त्या लालला जोडणार. म्हणजे चूक नव्या ताण्यात जाणार. मग त्याच्या पुढच्यात. कोणी सांगितलं नाही तर ती रेघ माग चालेल तोवर चालत राहणार. मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. आपण जातो आहोत, ती राहू दे.

बाईचा हात तिथं आला. थांबली.

"अगा, हे तं उलटं हाये," ती म्हणाली. "कोनं सांधलं हे?"

मी म्हणालो, "माही बायको. आजारी होती तवा."

"आता?"

"नाही आता."

तिनं त्या लाल तारेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग राहू देऊ?"

हे मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं ती म्हणेल सरळ करते, आणि मी म्हणेन राहू दे. तिनं विचारलं आणि मला दवाखान्यातली खाट दिसली. हिले रंग दिसत नव्हता, लोक म्हणतील. आत्ताच एक परकी बाई म्हणाली होती, कोनं सांधलं हे. बायकोला नको होतं तेच घडलं, आणि ते मी पाच महिने मालकाला, गिऱ्हाईकाला, सगळ्यांना दाखवत बसलो होतो.

"सरका," मी म्हणालो. "मी करतो."

राखेत बोटं बुडवली. दोन्ही जुन्या तारा तोडल्या, अदलाबदल केली, पीळ दिला. माझे पीळ जाड येतात, बायकोसारखे नाही. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाईनं वाकून पाहिलं, म्हणाली, "चालते," आणि पुढे सांधायला लागली.

संध्याकाळी पूर्ण ताणा सांधून झाला. मालक आला, ताण्यावर हात फिरवला, म्हणाला, "उद्या त्या दुसऱ्याले बसवतो."

मी म्हणालो, "त्याले नका बसवू. पहिल्या हातभर कापडात सांधे तुटतात. त्याले या मागाचं माहीत नाही."

"मंग हातभर तू करतं?"

"पुरा करतो."

"आन पोरगा?"

"पाहतो मी."

बसमध्ये मी विचार करत होतो की काय सांगायचं. सांगण्यासारखं काही नव्हतं. जायचं कारण होतं ते मी दुपारीच स्वतःच्या हातानं तोडलं होतं. तरी उद्या जावंसं वाटत होतं. वाटत होतं हे खरं तर जास्त झालं. एवढंच की उद्या कुठे बसायचं ते माहीत होतं.

घरी गेलो तर सून दारातच.

"संपला?"

"संपला. दुसरा लागला."

मुलानं टीव्हीचा आवाज कमी केला. "बाबा, तुम्ही शब्द देला होता."

"देला होता. मोडला."

"आन गुडघा?"

"माह्याच आहे तो."

सून आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "पाचला उठू नको वं. पोळ्या रातच्याच ठेवत जाय. मले शिळं चालते."

"शिळं देलं तं लोक मले नावं ठेवतीन."

"लोक इथले. मी खातो गांधीबागेत."

तिनं वळून पाहिलं नाही, पण म्हणाली, "भाजी तं ताजीच लागन."

"भाजी नको. लोनचं दे."

सकाळी उठलो तेव्हा त्यांच्या खोलीत अंधार होता. डबा ओट्यावर भरून ठेवला होता. झाकणावर रात्रीतून राख बसली होती, बोटानं पुसली. साडेसहाची बस धरली. मोबाइलवाला आला, बाजूला बसला, थोड्या वेळानं त्याचं डोकं खांद्यावर आलं.

मागावर बसलो. सांधे फणीतून पुढे आले, दोन-चार तुटले, जोडले. हातभर कापड झालं. काठ काळा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थोडा वेळ पाहिला आणि पुढच्या तारेसाठी धोटा टाकला.